नगरपरिषदेने जलतरण तलावावर पैसा खर्च करावा का? आमच्या गावचा प्रस्ताव, तुमची मतं हवीत

माणकाठ
नमस्कार मंडळी. विषय आमच्या गावचा आहे, पण तालुक्याच्या बऱ्याच गावांत तो कधी ना कधी निघतोच, म्हणून इथे मांडतोय.

गाव सोलापूर जिल्ह्यात, डाळिंबाच्या पट्ट्यात. वस्ती पस्तीसेक हजार. क्रीडा संकुलामागे नगरपरिषदेच्या मालकीची पडीक जागा आहे. तिथे सार्वजनिक जलतरण तलाव बांधावा, अशी लेखी मागणी आम्ही काही जणांनी केली आहे. अर्थसंकल्पाच्या आधी ती सभेपुढे यावी म्हणून धडपड चालू आहे. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, दुष्काळी भागात पोहण्याचे चोचले कशाला? दुसरा म्हणतो, बांधायचाच तर पन्नास मीटरचा बांधा, गॅलरीसकट, जिल्ह्यात नाव झालं पाहिजे. मला दोन्ही पटत नाही.

हा तलाव आम्ही हौसेसाठी मागत नाही. आमच्याकडे पाणी आता नदीत कमी आणि शेततळ्यात जास्त असतं. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. त्याच्या आधीपासूनच फळबागवाल्यांनी मोठमोठी तळी खोदली होती. त्या तळ्यांनी बागा जगवल्या, याबद्दल दुमत नाही. पण कागद टाकलेलं तळं विहिरीपेक्षा घातकी. चारी बाजूंनी उतार, त्यावर गुळगुळीत प्लॅस्टिक, पाण्याच्या रेषेला शेवाळ. पोर घसरलं की धरायला पायरी नाही, दगड नाही, मूळ नाही. पोहणारा माणूससुद्धा त्या उतारावर चढता चढता दमतो. आणि एकाला काढायला दुसरा उडी घेतो. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्यात कितीदा तरी सख्खी भावंडं असतात.

आमच्या आजोबांच्या वेळी पोर सात-आठ वर्षांचं झालं की पाठीला सुका भोपळा बांधून त्याला विहिरीत सोडायचे. पुढे भोपळ्याच्या जागी पत्र्याचा डबा आला, मग ट्यूब आली. काठावर चार मोठी माणसं असायची. त्या विहिरी आता आटल्यात, नाहीतर बोअर झाल्यापासून कुणी उपसत नाही म्हणून कचऱ्याने भरल्यात. पोरांना पोहायला शिकवायचं तर शिकवायचं कुठे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बुडून मेलेल्यांचा देशाचा आकडा अलीकडच्या वर्षांत ३५ हजारांच्या वर आहे. शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यात सुरक्षित राहणं शिकवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी धोरणात्मक आराखडा काढला. गावपातळीवर त्यातलं काय आलं? आमच्याकडे तरी काही नाही.

म्हणून मागणी २५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद तलावाची आहे. उथळ टोकाला तीन फूट, खोल टोकाला सहा फूट. पहिला हक्क शाळांचा. बांधायला पैसा कुठून येईल, यापेक्षा पुढची दहा वर्षं तो चालवायला पैसा कुठून येईल, हे मला या धाग्यावर तपासून घ्यायचंय. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

थेट_बोलतो
विरोधातलं मत मांडतो. मी तुमच्या शेजारच्याच तालुक्यातला. आमच्याकडे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. बायामाणसं पहाटे चारला उठून बॅरल भरतात. अशा गावात लाखो लिटर पाणी निळ्या फरशीवर साठवलेलं लोकांना दिसलं तर त्यांना काय वाटेल? गटारी उघड्या आहेत, भुयारी योजनेचं काम अर्धवट आहे. कायद्यानेच पाणी, स्वच्छता, दिवाबत्ती ही नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्यं आहेत आणि क्रीडांगणं, उद्यानं वगैरे ऐच्छिक. आवश्यक गोष्टी झाल्याशिवाय ऐच्छिक कामाला हात घालू नये.

मुलं बुडतात हे खरं आहे, त्याचं दुःख मलाही आहे. पण त्यावर तळ्याला कुंपण हा उपाय स्वस्त नाही का?

निवृत्त_अभियंता
पाणीपुरवठ्यात नोकरी झाली, त्यामुळे पाण्याचा हिशोब मांडतो. भावनेपेक्षा तो आधी बघावा.

माणकाठ यांच्या मापाच्या तलावाची सरासरी खोली साडेचार फूट, म्हणजे पाणी साधारण सव्वाचार लाख लिटर. दहा हजारी टँकर धरले तर बेचाळीस-त्रेचाळीस खेपा. ऐकायला मोठा आकडा आहे, पण तो एकदाच भरायचा असतो. फिल्टर नीट चालला तर तेच पाणी वर्षानुवर्षं फिरवता येतं, अधूनमधून थोडं बदलायचं. रोजचं नुकसान बाष्पीभवनाचं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला दहा मिलिमीटर धरा. पृष्ठभाग ३१२ चौरस मीटर, म्हणजे रोज तीन हजार लिटरच्या आसपास. वाळूचा फिल्टर आठवड्यातून दोनदा उलटा धुतला तर त्याचे रोजचे सरासरी दीड-पावणेदोन हजार. एकूण पाच हजारांच्या आत, म्हणजे अर्धा टँकर. शहरी माणसाला रोज १३५ लिटर हा मापदंड लावला तर हे छत्तीस-सदतीस माणसांचं पाणी झालं. फिल्टर धुतलेलं पाणी टाकीत दोन दिवस ठेवलं की क्लोरीन उडून जातो, मग ते संकुलातल्या झाडांना चालतं. रात्री पाण्यावर आच्छादन ओढलं तर बाष्पीभवन आणखी कमी होतं.

भरायचा तो पावसाळ्यानंतर, पिण्याच्या योजनेतून अजिबात नाही. आणि टंचाई जाहीर झालेल्या वर्षी नव्याने भरायचा नाही, अशी अट ठरावातच घाला. मात्र भरलेला तलाव टंचाईत रिकामा करण्याचा हट्ट कुणी धरला तर ऐकू नका. मोकळ्या टाकीच्या फरश्या उन्हाने सुटतात आणि दुरुस्तीचा खर्च डोक्यावर बसतो.

थेट_बोलतो यांच्या गटारीच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. पण वित्त आयोगाच्या निधीचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असतो, तो तलावाकडे वळवताच येत नाही. तलावाचा पैसा दुसऱ्या खिशातून येतो: क्रीडा खात्याचं अनुदान, जिल्हा वार्षिक योजना, नगरोत्थान, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी. तालुका क्रीडा संकुलांची अनुदान मर्यादा शासनाने १ कोटीवरून ५ कोटींवर नेली आहे. तुमचं संकुल त्यात बसत असेल तर तालुका समितीकडून प्रस्ताव न्या. बांधकामाला पैसा मिळतो. फीत कापायला सगळे येतात. वीजबिल भरायला कुणी येत नाही.

तो हिशोब जेवल्यावर टाकतो.

शिट्टी
मी एका महापालिकेच्या तलावावर जीवरक्षक आहे. शहराचं नाव लिहीत नाही. पैशाचं बोलताय म्हणून सांगतो, तलाव कशाने बंद पडतात.

सकाळी पाचला आलो की पहिलं काम पाण्याचा नमुना घेणं. कोपराएवढा हात पाण्यात घालून खालचं पाणी बाटलीत घ्यायचं. एका नळीत थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो क्लोरीन. दुसरीत लाल-गुलाबी, तो पीएच. क्लोरीन एक ते तीन पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये पाहिजे. पीएच आठच्या वर गेला तर कितीही पावडर ओता, ती कामच करत नाही. मग खोल टोकाला जाऊन उभं राहायचं आणि तळाची काळी पट्टी स्पष्ट दिसते का बघायचं. दिसली नाही तर त्या दिवशी एकही माणूस आत सोडायचा नाही. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही. गप्प खाली जातो. तळ दिसत नसेल तर मला तो सापडणार कसा?

लोकांना वाटतं, डोळे चुरचुरले, वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झाला. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम, लघवी, तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास येतो. म्हणजे पाणी घाण आहे आणि ताजा क्लोरीन कमी पडलाय. म्हणून अंघोळ करून आत, हा नियम. आणि शॉवर बंद असले तर तो नियम पाळणार कोण?

तलाव सुरू होतो तेव्हा सगळं असतं. दोन वर्षांनी पंपाचं सील जातं, दुरुस्तीची फाइल टेबलावर पडून राहते. मग एकाच पंपावर चालवतात. पाणी हिरवट होतं, माणसं येईनाशी होतात, उत्पन्न घटतं, आणि तोटा आहे म्हणून कुलूप. सुरुवात एका सीलपासून झालेली असते. दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवा आणि ती खर्च करायचा अधिकार तलावावरच्या माणसाला द्या. एवढं केलंत तरी तुमचा तलाव टिकेल.

निवृत्त_अभियंता
शिट्टी यांनी फार मोलाचं लिहिलं आहे. आता चालवण्याचा अंदाज. माझे आकडे तुमच्याकडच्या दरांनी तपासून घ्या.

सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं, म्हणजे तासाला सत्तर घनमीटर. साडेसात अश्वशक्तीचा पंप सोळा तास चालला तर नव्वद युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला सत्तावीस हजार, दिवे वगैरे धरून पस्तीस. दोन पाळ्यांचे जीवरक्षक, दोन प्रशिक्षक, फिल्टरचा माणूस, सफाई अशी आठ माणसं, सरासरी अठरा हजार पगाराने एक लाख चव्वेचाळीस हजार. रसायनं आणि तपासणी पंचवीस हजार. पाणी आणि किरकोळ दुरुस्ती वीस हजार. बेरीज सव्वादोन लाखांना थोडी कमी. वर्षाचे सत्तावीस लाख.

उत्पन्न: उन्हाळ्याचे तीन महिने चारशे माणसं, महिन्याला सहाशे रुपये फी. उरलेले नऊ महिने शंभर माणसं. वर्षाचे साडेबारा लाखांच्या आसपास. तूट चौदा-सव्वाचौदा लाख. पस्तीस हजार वस्तीला भागलं तर माणशी वर्षाला चाळीस-एक्केचाळीस रुपये.

ही तूट लपवू नका. प्रस्तावात 'तलाव स्वयंपूर्ण होईल' असं लिहायचा मोह होतो, आणि तिथेच पुढचं कुलूप ठरतं. वाचनालयाला, बागेला आपण नफा विचारत नाही. एक्केचाळीस रुपयांत गावातल्या पोरांना पोहता येणार असेल तर ते द्यायला गाव तयार आहे का, हा सरळ प्रश्न सभेत विचारा.

कोल्हापुरी_पाणी
पन्नास मीटरची बाजू घेतो. वीरधवल खाडे आमच्या कोल्हापूरचा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला कांस्य आणलं. भारताला आशियाई स्पर्धेत पोहण्याचं पदक २४ वर्षांनी मिळालं होतं. पण त्यासाठी त्याला बंगळूरला जाऊन राहावं लागलं. आपल्या मुलांना आपल्याच जिल्ह्यात सोय का नसावी? पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं. तुमच्याच जिल्ह्यात करमाळा तालुक्यातल्या सुयश जाधवने दोन्ही हात गमावून २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. ही माती अशी माणसं देते. पंचवीस मीटरमध्ये ती कशी घडणार?

माणकाठ
सुयश जाधवांचा फोटो आमच्या शाळेच्या भिंतीवर आहे, त्यामुळे तुमची कळकळ पोचली. पण पन्नास मीटरच्या तलावात दोन मीटर खोलीला पंचवीस लाख लिटर पाणी लागतं, आमच्या मागणीच्या सहापट. पंप, रसायनं, जीवरक्षक सगळं त्याच पटीत वाढतं. तो भार जिल्हा किंवा विभागीय संकुलाने उचलावा, महापालिकांनी उचलावा. मुंबई महापालिकेचा शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव किंवा चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव हे मोठ्या शहराच्या तिजोरीवर चालतात. आणि सहा फुटांच्या एकसारख्या खोलीत आठ वर्षांचं पोर उभं कुठे राहणार? शिकवायला उथळ पाणीच लागतं. पंचवीस मीटरमध्ये चमकलेलं पोर सोलापूर-पुण्याला पाठवू, त्याच्या बसभाड्यासाठी मी स्वतः वर्गणी काढीन. पण ज्या पोराला पोहताच येत नाही त्याचा नंबर आधी.

सईची_आई
बायकांचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. आमच्या तालुक्याला तलाव झाला तेव्हा महिलांची बॅच दुपारी दोन ते तीन ठेवली. त्या वेळेला कोण येणार? नोकरीवाली नाही, शेतावरची नाही, शाळेतली मुलगी तर नाहीच. मग 'प्रतिसाद नाही' म्हणून बॅच बंद. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती, वरची झडप उघडी. मी सईला दोनदा नेलं आणि सोडून दिलं.

पैसा सार्वजनिक असेल तर निम्मा आमचाही आहे. सकाळी सहा ते सात किंवा संध्याकाळची एक वेळ महिलांची, महिला प्रशिक्षक आणि महिला जीवरक्षक, रस्त्याच्या बाजूने उंच भिंत, संकुलाच्या फाटकापासून तलावापर्यंत दिवे. पूर्ण अंगाचा पोहण्याचा पोशाख चालेल असं फलकावर ठळक लिहा, नाहीतर घरूनच परवानगी मिळत नाही. हे सगळं नकाशात आणि अंदाजपत्रकात आधीच यायला हवं. मागाहून 'निधी नाही' हेच ऐकावं लागतं.

कपडे धुवायला कालव्यावर जाणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याबरोबर लहान मुली असतात. पोहणं मुलांनीच शिकायचं असं धरून चालू नका.

माणकाठ
ताई, तुमचे मुद्दे जसेच्या तसे निवेदनात घेतो. नकाशा अजून व्हायचा आहे, तोवर तुम्ही आणखी काही सुचवलंत तर फार बरं होईल.

पोल्डरकर
मी मूळचा पंढरपूरचा, सध्या नेदरलँड्समध्ये. इथे देशभर कालवे, घराच्या मागच्या दाराशी पाणी. तुमच्या शेततळ्यांवरून आठवलं म्हणून लिहितो. इथली मुलं पाच-सहा वर्षांची झाली की पोहण्याच्या 'अ' प्रमाणपत्राच्या मागे लागतात. त्या परीक्षेत मुलाला अंगावर नेहमीचे कपडे आणि पायात बूट घालून पाण्यात उतरवतात, कारण माणूस कालव्यात पडतो तो पोहण्याच्या कपड्यांत पडत नाही. आमच्या मुलाच्या परीक्षेला मी काठावर उभा होतो. भिजलेली पँट पायाला चिकटत होती, तरी तो शांतपणे उताणा झाला, तरंगला, आणि मग काठाकडे आला.

इथे शाळांमधलं पोहणं १९८५ पर्यंत सक्तीचं होतं. नंतर सक्ती गेली आणि खर्च बराचसा पालकांवर आला. त्यामुळे गरीब घरातली मुलं मागे राहतात, अशी चर्चा इथेही चालू असते. म्हणून सांगतो, शाळांच्या तासाला फी ठेवू नका. आणि स्पर्धेचे चार प्रकार शिकवण्याआधी कपड्यांसकट तरंगणं शिकवा.

शेताच्या_बांधावरून
मी शेततळंवाला. चाळीस गुंठ्यांवर तळं आहे, कागद टाकलेलं. थेट_बोलतो म्हणाले कुंपण हा उपाय, तर कुंपण मी केलंय. पण तार वाकवून पोरं आत जातातच, शेळ्यांच्या मागं जातात, मोटार चालू करायला जातात. कुंपण पाहिजेच, पण एवढ्यानं भागत नाही.

मी काय केलंय ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बघा. चारी कोपऱ्यांना लोखंडी खुंट ठोकून जाड दोर पार तळापर्यंत सोडलाय, हातभर अंतरावर गाठी मारल्यात. गाठीमुळं ओला हात सरकत नाही. मधे दोन ट्यूब हवा भरून दोरीला बांधून तरंगत ठेवल्यात. खर्च फार नाही. पण दोर धरायला आधी डोकं पाण्यावर राहिलं पाहिजे. ते शिकवायला तलावच लागतोय. आमच्या वस्तीवर पोहता येणारी माणसं आता पन्नाशीच्या पुढची राहिलीत.

आमच्यासारख्या वाड्यावस्त्यांचा विचार होणार का? तलाव नगरपरिषदेचा, तळी मात्र ग्रामपंचायतीच्या हद्दीत. पोरं बुडतात ती आमची.

थेट_बोलतो
वरचा प्रतिसाद वाचून मी थांबलो. पाण्याचा हिशोब पटला, तुटीचाही पटला कारण तो झाकला नाही. गटारीचं काम आधी, हे माझं मत कायम आहे. पण पैशाचे खिसे वेगळे असतील तर दोन्ही एकदम मागता येतील.

एक भीती उरते ती ठेकेदाराची. तीस वर्षांच्या कराराने तलाव देऊन टाकतात. पहिल्या वर्षी फी बरी असते, मग वार्षिक सदस्यत्वाशिवाय प्रवेश नाही, मग वाढदिवसाच्या पार्ट्या, आणि शाळांना वेळच उरत नाही. एका शहरात हे मी जवळून पाहिलंय. त्याचं उत्तर काय?

निवृत्त_अभियंता
करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा. फी ठरवायचा अधिकार सभेकडे. शाळांचे तास करारात घड्याळ लावून लिहायचे, आणि ते न दिल्यास दर दिवसाला दंड. पाण्याच्या तपासणीची नोंद फाटकावर रोज लावायची, म्हणजे ती बघायला अधिकारी लागत नाही. शक्य असेल तर ठेका फक्त यंत्रसामग्रीच्या देखभालीचा द्या, प्रवेश आणि वेळापत्रक नगरपरिषदेच्या हातात ठेवा.

माणकाठ
निवेदनाचा नवा मसुदा आज बसून केला. तुटीचा आकडा पहिल्याच पानावर टाकलाय. दुरुस्ती निधीची वेगळी तरतूद, टंचाईची अट, महिलांच्या वेळा आणि खोल्यांचं बांधकाम, तीन वर्षांची करारमर्यादा हे आत आलं. सकाळी दहा ते दुपारी एक हे तास शाळांना बिनफीचे, आणि शेवटच्या दिवशी कपड्यांसकट तरंगण्याची चाचणी, हे पोल्डरकर यांच्यामुळे आलं.

वाड्यावस्त्यांचं शेताच्या_बांधावरून यांनी विचारलं ते सगळ्यात अवघड होतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटलो. जिल्हा परिषदेच्या चौथीच्या मुलांना पंधरा दिवसांच्या तुकड्यांनी आणायची त्यांची तयारी आहे, पण वाहनाला पैसा नाही. त्यासाठी ग्रामपंचायतींनी ठराव करून आपला वाटा द्यावा असं सुचवलंय. दोन सरपंचांनी हो म्हटलंय, बाकीच्यांशी बोलणं व्हायचंय. डाळिंब उत्पादकांच्या गटांनाही विचारणार आहे, तळी त्यांचीच आहेत.

सह्यांचे कागद वाचनालयात आणि बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवलेत. गावातल्या कुणी हा धागा वाचत असेल तर सही करा.

शेताच्या_बांधावरून
माझी सही धरा. आमच्या सरपंचाला मी गाठतो, ठराव ग्रामसभेत मांडायला लावतो. आणि दोराच्या गाठी कशा मारायच्या त्याचा फोटो उद्या टाकतो, तलाव होईस्तोवर प्रत्येक तळ्यावर तेवढं तरी होऊ द्या.

सईची_आई
फोटोबरोबर दोर किती जाडीचा घेतला तेही लिहा. माझ्या माहेरी दोन तळी आहेत, भावाला आजच पाठवते.